रिपोर्टवर ‘टीजीए’ लिहिलंय, पुढे काय?

पत्र: मी २८ वर्षांची, भांडुपला राहते, एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. पहिलंच बाळंतपण. आज २१ आठवडे ३ दिवस झाले. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात काहीतरी वेगळं दिसलं म्हणून फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. त्यावर ‘डी-टीजीए, इंटॅक्ट व्हेंट्रिक्युलर सेप्टम’ असं आलं आहे. आमच्या नर्सिंग होमच्या डॉक्टर म्हणाल्या, वय लहान आहे, हे काढून टाका, पुन्हा प्रयत्न करा. ज्यांनी इको केला ते म्हणाले, ऑपरेशनने सगळं नीट होतं, काळजी नको. मिस्टर गप्पच आहेत. सासूबाई म्हणतात, ग्रहणात भाजी चिरली होतीस. आई म्हणते, चिपळूणला ये, पहिलं बाळंतपण इथेच करू, देवाच्या मनात असेल ते होईल. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. आता बाळाची हालचाल कळायला लागली आहे. पोटावर हात ठेवावा की नको, तेही समजत नाही.

उत्तर:

तुमच्यासमोर प्रश्न दोन आहेत आणि घरात बोलणं फक्त एकावर चाललंय. गर्भ ठेवायचा की नाही, हा एक. ठेवला तर बाळ कुठल्या रुग्णालयात जन्माला येणार, हा दुसरा. टीजीएमध्ये, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेल्या दोषात, दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा आहे. हृदयाच्या गंभीर दोषांपैकी शस्त्रक्रियेचे निकाल सर्वांत चांगले ज्या दोषांत येतात, त्यांत हा मोडतो. आणि चुकीच्या ठिकाणी जन्मलेलं बाळ पहिल्या काही तासांत हातचं जातं, असाही हाच दोष आहे. म्हणून ‘काढून टाका’ आणि ‘काळजी नको’ ही दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची नाहीत. दोघांनीही मधला सगळा भाग गाळला आहे.

आधी दोष काय तो समजून घ्या. नेहमीच्या हृदयात उजव्या खालच्या कप्प्यातून अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे जातं आणि डाव्या खालच्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीवाटे शरीरभर जातं. तुमच्या बाळात या दोन मोठ्या धमन्यांच्या जागांची अदलाबदल झाली आहे. त्यामुळे अशुद्ध रक्त शरीरातून येऊन पुन्हा शरीरातच जातं आणि शुद्ध रक्त फुफ्फुसांतून येऊन पुन्हा फुफ्फुसांतच. पश्चिम आणि मध्य रेल्वे शेजारून धावताहेत, पण इकडून तिकडे जायला दादरचा पूलच नाही, असं काहीसं. पोटात असताना याने काही बिघडत नाही, कारण प्राणवायू वारेतून येतो आणि हृदयात दोन पूल उघडे असतात: वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र, आणि दोन धमन्यांना जोडणारी डक्टस नावाची छोटी वाहिनी. जन्मानंतर वार सुटते आणि हे दोन्ही पूल बंद व्हायला लागतात. डक्टस तर काही तासांपासून दोन-तीन दिवसांत मिटते.

रिपोर्टवरच्या ‘इंटॅक्ट’ या शब्दाने फसू नका. त्याचा अर्थ, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र नाही. ऐकायला बरं वाटतं, आणि शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत सोपाही आहे. पण तिसरा पूल नाही असाही त्याचा अर्थ होतो, म्हणजे जन्मल्यावर बाळाची सगळी भिस्त उरलेल्या दोघांवर. बाळंतपणाची जागा आधी ठरलेली असणं तुमच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचं आहे ते यासाठी.

तुमची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी ज्यांनी केली त्यांनी काम चोख केलं आहे. टीजीएमध्ये हृदयाचे चारही कप्पे बहुतेक वेळा अगदी ठीक दिसतात. धमन्या कुठून निघतात ते मुद्दाम बघितलं तरच दोष सापडतो, त्यामुळे बऱ्याच बाळांचा दोष जन्मून निळं पडल्यावरच कळतो. तुम्हाला चार महिने आधी कळलं आहे. या वेळेचा उपयोग करायचा आहे.

आता दिवस मोजू. पत्र लिहिलंत त्या दिवसापासून २४ आठवडे पूर्ण व्हायला १८ दिवस होते. हे वाचेपर्यंत त्यातले दोन-तीन गेले असतील. २०२१ मध्ये सुधारलेल्या गर्भपात कायद्याप्रमाणे २० ते २४ आठवड्यांदरम्यान, गर्भात गंभीर दोष असेल तर, दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. २४ आठवड्यांनंतर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. त्या मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचे तज्ज्ञ असतात. अर्ज आल्यापासून ३ दिवसांत त्यांनी मत द्यायचं, आणि परवानगी दिली तर ५ दिवसांच्या आत प्रक्रिया व्हायला हवी, असा नियम आहे. पण मंडळ बघतं ते दोष ‘लक्षणीय’ आहे का हे, आणि शस्त्रक्रियेने दुरुस्त होणाऱ्या दोषाला नकार मिळू शकतो. त्यानंतर उरतं ते उच्च न्यायालय. २००८ मध्ये मुंबईतल्याच एका दांपत्याने बाळाच्या हृदयदोषासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती, आणि त्यांना परवानगी मिळाली नाही. २०२३ मध्ये याच न्यायालयाने आठव्या महिन्यातल्या एका गर्भवतीला मंडळाचं मत विरुद्ध असताना परवानगी दिली आणि निर्णय त्या स्त्रीचा आहे असं स्पष्ट केलं. रस्ता बंद नाही, पण तुम्ही त्याच्यावर विसंबू नये.

म्हणून २४ विसरा आणि कॅलेंडरवर २३ आठवड्यांच्या दिवसाभोवती गोल करा. तोपर्यंत माहिती गोळा करायची आणि मन ठरवायचं. शेवटचा आठवडा कागदपत्रं, दुसऱ्या डॉक्टरांची सही, खाट मिळणं यात जातो. त्यात एखादा रविवार किंवा सणाची सुट्टी आली की दिवस कापरासारखे उडतात. आठवडे मोजताना पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी प्रमाण धरतात. नंतरच्या रिपोर्टवर बाळाच्या वाढीवरून काढलेले आठवडे वेगळे छापलेले असतात आणि त्यावरून काउंटरवर वाद होतात. तो पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

या दिवसांतलं पहिलं काम, दुसरा फीटल इको, वेगळ्या जागी. तो बालहृदयरोगतज्ज्ञांनी किंवा फीटल मेडिसिनच्या तज्ज्ञांनी केलेला असावा. पहिल्या इकोचे छापील फोटो पुरत नाहीत, व्हिडिओ क्लिप पेनड्राइव्हवर मागून घ्या. तिथे विचारायचं ते असं: टीजीए नक्की आहे ना? फुफ्फुसाच्या धमनीच्या वाटेत अडथळा आहे का? महाधमनी पुढे कुठे अरुंद आहे का? वरच्या पडद्यातलं छिद्र मोकळं आहे का? बाकीचे अवयव ठीक आहेत का? यातल्या पहिल्या तिन्हींची उत्तरं चांगली आली तर हा ‘साधा’ टीजीए, आणि खाली लिहिलेलं बरंचसं तुम्हाला लागू पडतं. अडथळा निघाला तर शस्त्रक्रियाच बदलते, कधी एकाऐवजी दोन-तीन लागतात, आणि मग आकडे नव्याने विचारावे लागतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या कशा फुटल्या आहेत ते पोटातल्या इकोत खात्रीने दिसत नाही, ते जन्मानंतरच कळतं. त्याबाबत कुणी आत्ताच छातीठोक बोललं तर ते धरून चालू नका.

दुसरं काम, जिथे शस्त्रक्रिया होऊ शकते तिथल्या बालहृदय शल्यचिकित्सकांना किंवा बालहृदयरोगतज्ज्ञांना दोघांनी मिळून भेटणं. मिस्टर गप्प आहेत म्हणता, तर त्यांना या भेटीत बोलायला नका लावू, वही-पेन देऊन लिहायला बसवा. डॉक्टरांना विचारा: इथे वर्षाला किती आर्टेरियल स्विच (धमन्यांची अदलाबदल दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया) होतात, गेल्या दोन-तीन वर्षांतली किती बाळं घरी गेली, आणि नवजात बाळाला तारीख किती दिवसांत मिळते. प्रश्न उद्धट नाही. चांगल्या केंद्रांना तो रोज विचारला जातो आणि ते आकडे सांगतात.

तिसरं, गर्भजलाची तपासणी. इथे दोषादोषांत फरक आहे. हृदयाच्या मधोमध एकच मोठं छिद्र असलेला एव्हीएसडी पोटातच सापडतो तेव्हा जवळपास निम्म्या बाळांमध्ये डाउन सिंड्रोम निघतो. फॅलॉटच्या दोषात २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असण्याची शक्यता बरीच. साध्या टीजीएमध्ये गुणसूत्रांचे दोष क्वचित आढळतात. म्हणून तपासणी करायची की नाही हे जनुकतज्ज्ञांशी बोलून ठरवा, पण ठरवा याच आठवड्यात. झटपट चाचणीचा निकाल तीन-चार दिवसांत येतो, गुणसूत्रांची बारकाईने तपासणी करणाऱ्या मायक्रोअ‍ॅरेला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. उशिरा सुई घातली तर निकाल २४ आठवड्यांनंतर हातात पडतो. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आहे, मिस्टरांचा पॉझिटिव्ह असेल तर सुई घातल्यानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं. गर्भपात झाला तरी घ्यायचं, बाळंतपणानंतर बाळ पॉझिटिव्ह निघालं तरीही. धावपळीत हे विसरलं जातं आणि त्याची किंमत पुढच्या गरोदरपणात मोजावी लागते.

या सगळ्या ठिकाणी तुमचं ओळखपत्र मागतील, लिंगनिदानबंदी कायद्याचा एफ फॉर्म भरून घेतील. फीटल इकोलाही तो लागतो. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, विचारणंही. ‘मुलगा असेल तर ठेवू’ असं घरातलं कुणी बोललंच, तर ते वाक्य दवाखान्याच्या दारापर्यंतही येऊ देऊ नका.

आता शस्त्रक्रियेबद्दल. आर्टेरियल स्विच ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये पहिल्यांदा यशस्वी केली. दोन्ही धमन्या कापून आपापल्या योग्य कप्प्यांवर शिवतात आणि कोरोनरी धमन्या उचलून नव्या महाधमनीला जोडतात. तीन किलोच्या बाळात या कोरोनरींचं तोंड एक-दोन मिलिमीटरचं असतं. सगळी जोखीम तिथे. अनुभवी केंद्रांत साध्या टीजीएची शंभरातली नव्वदहून जास्त बाळं या शस्त्रक्रियेतून पार पडतात, आणि त्यातली बहुतेक शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की शंभरातली काही वाचत नाहीत. काहींना फुफ्फुसाची धमनी अरुंद झाल्यामुळे ती फुग्याने रुंद करण्याची किंवा पुन्हा शस्त्रक्रियेची गरज लागते. काही मुलं बोलण्यात, एकाग्रतेत किंवा हातांच्या बारीक हालचालींत मागे पडतात आणि त्यांना थेरपी लागते. तपासणी जन्मभर, आधी दर काही महिन्यांनी, मग बहुधा वर्षातून एकदा. ‘सगळं नीट होतं’ या तीन शब्दांत हे मावत नाही.

इथे एक सांगायलाच हवं. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर वेगळं नाव असेल तर हे उत्तर उसनं घेऊ नका. ‘हृदयात दोष’ हे निदान नव्हे. स्नायूच्या भागातलं छोटं छिद्र अनेकदा आपोआप बुजतं. हृदयात नुसता पांढरा ठिपका दिसणं हा हृदयाचा दोषच नाही. महाधमनी अरुंद असल्याची शंका पोटात असताना बऱ्याचदा खोटी ठरते आणि बाळाला जन्मानंतर डक्टस मिटेपर्यंत नजरेखाली ठेवून निवाडा होतो. उलट हृदयाची डावी बाजू वाढलीच नसेल तर तीन टप्प्यांच्या शस्त्रक्रिया लागतात, पहिली जन्मानंतर दिवसांत. तरीही शेवटी एकाच कप्प्यावर जगावं लागतं, आणि आपल्याकडे मोजकीच केंद्रं ते हाती घेतात. तिथे काही आईवडील गर्भपात निवडतात, तर काही बाळाला जन्म देऊन, शस्त्रक्रिया न करता, त्रास होणार नाही अशी काळजी घेत सोबत राहणं निवडतात. दोन्ही निवडी विचारांती केलेल्या असू शकतात.

तुमच्याकडे परत येऊ. तुमचा निर्णय आम्ही घेणार नाही, आणि कायद्याने तो नर्सिंग होमच्या डॉक्टरांचा किंवा सासूबाईंचाही नाही. १८ वर्षांवरच्या स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, रुग्णालयं सवयीने मागतात. तुमची इच्छा नसताना कुणी तो करायलाही लावू शकत नाही. आमचं मत एवढंच की साधा टीजीए आहे हे पक्कं झालं तर ‘याला उपायच नाही’ या समजुतीवर गर्भपात करू नका, कारण ती समजूत चूक आहे. पण सगळी माहिती घेऊन, पैसा, हातचं मनुष्यबळ, स्वतःची ताकद यांचा हिशेब करून तुम्ही हे गरोदरपण इथेच थांबवायचं ठरवलंत, तर तो निर्णयही तितकाच तुमचा आणि तितकाच मान ठेवण्याजोगा आहे.

थांबवायचं ठरलं तर जागा नीट निवडा. २० आठवड्यांनंतरचा गर्भपात प्रत्येक नर्सिंग होमला करता येत नाही, त्यासाठी मान्यता लागते. केईएम, सायन, नायर, जे. जे. यांसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ही सोय असते आणि रक्तपेढीही हाताशी असते. आधी एक गोळी, मग दीड-दोन दिवसांनी दुसरी औषधं, त्यानंतर कळा येतात. हे छोटं बाळंतपणच असतं, तासाभराचं काम नव्हे. वेदनाशामक आधीच मागून ठेवा. बाळाला बघायचं का, तेही आधी ठरवा. आयत्या वेळी ठरवणं फार जड जातं. वारेचा किंवा नाळेचा नमुना जनुकीय तपासणीसाठी ठेवायचा का ते विचारा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो. आणि कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट: तीन-चार दिवसांनी दूध येतं. त्या धक्क्याला तयार नसलेल्या बाया हादरून जातात. ते थांबवायची गोळी असते, घरी सोडतानाच मागा. नोकरीत मातृत्व लाभाच्या नियमांखाली गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यासाठी दाखला लागतो, पण कारण कुणाला सांगायची सक्ती नाही.

पुढे जायचं ठरलं तर पहिली गोष्ट, चिपळूणचं बाळंतपण रद्द. आईला वाईट वाटेल. तिला सांगा, माहेरपण हवंच आहे, फक्त ते भांडुपला यावं. तिने डिंकाचे लाडू घेऊन सातव्या महिन्यानंतर तुमच्याकडे मुक्कामाला यावं. चिपळूणहून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. निळं पडलेलं बाळ एवढा रस्ता अ‍ॅम्ब्युलन्समध्ये काढतं तेव्हा डक्टस मिटत असते, अंग गार पडत असतं, साखर उतरत असते. शस्त्रक्रियेच्या दारात ते पोचतं ते मेंदूला आणि मूत्रपिंडांना धक्का बसलेल्या अवस्थेत. अशा वेळी बाळ जातं ते बऱ्याचदा या प्रवासामुळे.

बाळंतपण अशा ठिकाणी हवं जिथे नवजात अतिदक्षता विभाग आणि बालहृदयरोग विभाग एकाच छताखाली किंवा एकाच आवारात आहेत. परळला नवरोजी वाडिया प्रसूतिगृह आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय शेजारी-शेजारी आहेत, केईएमही तिथून जवळच. खाजगी मोठ्या रुग्णालयांतही ही सोय आहे, तुमच्या बाजूला मुलुंडलाही. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. पण कुठेही नाव घालण्याआधी एकच विचारा: टीजीएचं एक दिवसाचं बाळ तुम्ही त्याच दिवशी दाखल करून घेता का? यादीत नाव घालून वाट बघायला या दोषात वेळ नसतो. डावा कप्पा फुफ्फुसांच्या हलक्या दाबाला रक्त ढकलत राहतो आणि तीन-चार आठवड्यांत त्याची ताकद उतरते. मग त्याला सगळ्या शरीराचा भार झेपत नाही. म्हणून स्विच शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत करतात.

सातव्या महिन्यात एक इको करा, आणि ३४ ते ३६ आठवड्यांत आणखी एक. या शेवटच्या इकोत वरच्या पडद्यातलं छिद्र आणि डक्टस मुद्दाम बघतात. छिद्र चिकटत आलेलं दिसलं तर जन्मल्याबरोबर धावावं लागेल अशी तयारी ठेवतात. ठीक दिसलं तरी पूर्ण हमी नसते, म्हणून तयारी दोन्ही वेळा सारखीच. टीजीए आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. ३९ आठवड्यांच्या सुमारास, सगळी टीम हजर असेल अशा दिवशी सकाळी कळा सुरू करून बाळंतपण करता येतं. ‘लवकर काढून घेऊ’ हा सल्ला, दुसरं वैद्यकीय कारण नसेल तर, मानू नका. ३७ आणि ३९ आठवड्यांच्या बाळांत या शस्त्रक्रियेसाठी खरोखर फरक पडतो. वजनानेही पडतो, अडीच किलोच्या खाली जोखीम वाढत जाते. तेव्हा लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण, साखरेची तपासणी, हे नेहमीचंच यंदा अधिक काटेकोर.

कळा आधीच सुरू झाल्या तर थेट ठरलेल्या रुग्णालयात. पहिल्या खेपेला सहसा बरेच तास हाताशी असतात. ‘आधी कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये दाखवून येऊ’ असं करू नका, तिथे दाखल झालात की वेळ आणि हिंमत दोन्ही संपते. कधी अगदीच इलाज नसेल आणि बाळ दुसरीकडे जन्मलंच, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात रिपोर्ट द्या आणि प्रोस्टाग्लॅन्डिन ई-१ बद्दल विचारा. डक्टस उघडी ठेवणारं हे औषध २ ते ८ अंशांवर फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे छोट्या जागी सहसा नसतं. ते ठिबकने अगदी थोड्या प्रमाणात चालू ठेवतात. त्याने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून सोबत व्हेंटिलेटर आणि तो चालवणारी माणसं असलेलीच अ‍ॅम्ब्युलन्स हवी. नुसता ऑक्सिजन लावून या बाळाचा निळेपणा जात नाही.

ठरलेल्या जागी जन्म झाला तर क्रम साधारण असा असतो. नाळेतून सुई, औषध सुरू, लगेच इको. ऑक्सिजनची पातळी ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तरी या बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत पुरते. मॉनिटरवर ८० बघून घाबरू नका. ७५ हून कमी राहिली तर नाळेतून किंवा मांडीच्या शिरेतून फुगा लावलेली नळी नेऊन वरच्या पडद्यातलं छिद्र मोठं करतात. हे खाटेशेजारीच, इकोवर बघत होतं. मग काही दिवस स्थिर ठेवून शस्त्रक्रिया. छाती एक-दोन दिवस उघडी ठेवलेली दिसली तर तो बिघाड नव्हे, सुजलेल्या हृदयाला जागा दिलेली असते. सगळं सुरळीत झालं तर दोन-तीन आठवड्यांत घर. संसर्ग झाला की हे दिवस वाढतात, आणि खर्च वाढतो तो बहुधा याच वाढलेल्या दिवसांचा.

म्हणून पैशांचं आत्ताच बघा. तुम्हा दोघांच्याही कंपन्यांच्या मेडिक्लेमचे कागद काढा आणि एचआरला ईमेलवर, तोंडी नव्हे, चार गोष्टी विचारा: नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, ‘इंटर्नल कंजेनिटल’ म्हणजे आतले जन्मजात दोष धरले आहेत का, बाळाच्या शस्त्रक्रियेला पूर्ण विमा रक्कम मिळते की बाळंतपणाचीच छोटी मर्यादा लागते, आणि खोलीभाड्याची मर्यादा किती. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली तर काही पॉलिसींत बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. विमा पुरणार नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रुग्णालय या योजनेत, आणि मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी, अंगीकृत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला आधीच जाऊन विचारा. रेशनकार्डावर तुमचं नाव चढलं आहे का तेही बघा. लग्नानंतर राहून गेलेलं हे काम नेमकं अशा वेळी अडतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला वेळ जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांच्या अर्जांसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात बसणाऱ्या कार्यकर्त्यांना भेटा. कुठला कागद कुठे लागतो ते त्यांना तोंडपाठ असतं.

रजा २६ आठवड्यांची आहे, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. शक्य तितकी मागे ठेवा. शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन महिने बाळाला सर्दी झालेल्या पाहुण्यांपासून जपायचं असतं, आणि तेव्हा घरी तुम्हीच हव्या असता. दूध पहिल्या दिवसापासून दर तीन तासांनी काढा. बाळ नळीवर असलं तरी तुमचाच चीक त्याला देतात. कमी पडलं तर रुग्णालयाला मातृदुग्ध पेढीबद्दल विचारा, सायन रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून चालू आहे.

राहिली ग्रहणाची गोष्ट. बाळाचं हृदय आणि त्याच्या धमन्या गर्भ राहिल्यापासून आठ आठवड्यांच्या आत बनून पूर्ण होतात. तुम्हाला पाळी चुकल्याचं कळतं साधारण त्याच सुमारास हे काम सुरू होतं आणि पुढच्या सहा आठवड्यांत संपतं. त्यानंतर तुम्ही काय चिरलं, कुठे गेलात, काय खाल्लं याने धमन्या जागा बदलत नाहीत. आधीपासूनचा मधुमेह, काही ठरावीक औषधं, पहिल्या महिन्यांतला रुबेला, जवळच्या नात्यातलं लग्न यांचा हृदयदोषांशी संबंध आहे. यातलं काही तुमच्याकडे असेल तर डॉक्टरांना सांगा, एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची चाचणी करून घ्या. बहुतेक जोडप्यांत काहीच कारण सापडत नाही. सासूबाईंना हे तुम्ही समजावत बसू नका, पुढच्या भेटीत त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. पुढच्या बाळात हृदयदोष येण्याची शक्यता साधारण शंभरात दोन-तीन असते, म्हणून त्या वेळी फीटल इको नक्की.

आणि पोटावर हात. बाळाला या दोषामुळे आत काही दुखत नाही, धापही लागत नाही. वारेतून त्याला हवं ते मिळतंय, म्हणूनच ते लाथा मारतंय. तुमच्या हाताने त्याच्या हृदयावर ताण येत नाही, आणि हात ठेवल्याने तुमचा कुठलाच निर्णय बांधला जात नाही. ठेवावासा वाटतो तेव्हा ठेवा.